काठ

पोत्यातून आधी निघाल्या दाराच्या कड्या,
नळाची मान, घंटेची जीभ,
आणि मळक्या फितीला लटकलेलं
रुपयाहून थोडं मोठं काहीतरी.
"चिखल्याच्या खाणीवरचा साहेबाचा बंगला पाडला,"
शकूर भंगारवाला म्हणाला, "त्यातलं.
सगळं पितळच हाय."

आडकूजींनी ते मानलं नाही.
नखावर तोललं, ऐरणीवर टाकलं,
उजवा कान जवळ नेला.
(डावा ठोक्यांनी केव्हाच गेला.)
"यात जस्त नाही. तांबा न् कथील.
घंटा म्हनावं त कथील कमी.
असं तोफेले ओततेत."
आणि चिंचेचा बोळा घेऊन घासायला बसले.

मी ओरडलो, घासू नका!
माझ्याकडे एक यादी आहे, नागपूरच्या रद्दीतली,
जुन्या जर्मन पदकांची, अर्धी पानं गेलेली.
तिचं पहिलंच वाक्य : मळ पुसू नये, तो पुरावा असतो.
त्यांनी बोळा ठेवला. पण तोवर
एक कड उजळली होती, आणि नेमकी तिच्यावर
मुंगीएवढी अक्षरं :
आउस एरोबर्टेम गेशुत्झ.
यादीत अर्थ सापडला :
जिंकून आणलेल्या तोफांमधून.

आडकूजी काही बोलले नाहीत.
उजवा कान चोळत राहिले.

पुढचं सोपं होतं.
पुढे मुकुट, मागे किरणांचा क्रूस, अठराशे सत्तर, एकाहत्तर.
गोल आणि काशाचं असेल, तर लढणाऱ्याचं;
लांबट, पोलादाचं असेल, तर न लढणाऱ्याचं,
म्हणजे जखमा बांधणाऱ्याचं, पाव भाजणाऱ्याचं.
फितीही निराळ्या. लढला त्याची काळी,
तिच्यात पांढऱ्या रेघा, मधोमध लाल.
नाही लढला त्याची पांढरी,
कडेला काळं, मधोमध लाल.

आमचं पदक गोल.
आमची फीत पांढरी.

तीन दिवस मी त्याला खोटा समजत होतो.
दुसऱ्याचं पदक चोरलं असेल,
किंवा लढून आला आणि लाजला असेल,
काय काय मनात आलं. शेवटी
फीत घेऊन गेलो कोष्टीपुऱ्यात, दमयंताबाई निपान्यांकडे.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
सुटलेलं एक सूत काडीच्या जाळावर धरलं.
केस जळल्याचा वास आला.
"कोसा," त्या म्हणाल्या.
"हे साहेबाच्या गावचं नोहे, बाप्पा. आंधरगावचं हाय.
काठाले दुहेरी ताना पाय. माहा आजसासरा असाच धरे."

मग तो मळ?
"मळ कायचा? कोशाचा रंगच तो."

म्हणजे फीत विटली असणार, साहेबाच्या बापाची.
त्यानं तुकडा देऊन खानसाम्याला पाठवलं असणार
सूर नदी ओलांडून, अशीच विणून आण म्हणून.
पण अशी काळी का नाही विणली?

दमयंताबाई हसल्या, मला शाळेतला समजून.
"छातीवर कारा कोन विनते?
आंग पांढरं, काठ कारा. कापड असंच असते."

एवढंच.
कुठल्याशा बर्फात बंदूक घेऊन धावलेला एक माणूस
आमच्या मागावरून उतरला, तो
पाव भाजणाऱ्यांच्या रांगेत.
त्याच्या मुलानं ओळखलं असेल? की बघितलं,
आणि राहू दे म्हणाला?

यादीच्या समासात मी लिहिलं होतं, फीत : चुकीची.
ते खोडलं. लिहिलं, फीत : आंधळगाव.

शकूर पैशांसाठी थांबला होता.
काट्यावर पंधरा ग्रॅम भरलं, मोडीच्या भावानं साडेसात रुपये.
आडकूजींनी दहा दिले, सुटे मागितले नाहीत.
कड्या, नळ, घंटेची जीभ त्याच रात्री मुशीत गेली.
हे गल्ल्यात राहिलं, नाण्यांच्या वेगळ्या खणात.

भट्टी विझवताना त्यांनी विचारलं,
"अन् ज्यायच्या तोफा होत्या,
त्यायले का भेटलं?"

मी यादी उघडली.
ते पान गेलेल्यांत होतं.